आल्हाट मास्तरांची घोडी

लाकडी घोड्याला घाम फुटू शकतो काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो मला आल्हाट मास्तरांमुळे पडला. उत्तराचा बराचसा भाग मला सापडला आहे. जो सापडला नाही, तो कोठे उरतो हेही मी शेवटी सांगणार आहे. मात्र या प्रश्नाकडे जाण्याचा रस्ता त्या गृहस्थांच्या अंगणातून जातो, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

योना आल्हाट हे शेवगाव तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका गावी आमच्या शाळेत ड्रिल मास्तर होते. युद्ध चालू होते, रॉकेल रेशनवर मिळत होते आणि मी त्या शाळेत शास्त्र व भूगोल शिकविण्यासाठी नव्याने रुजू झालो होतो. मास्तर तेव्हा पन्नाशीला आले होते. उंच, कोरडे शरीर. आठवडाभर खाकी अर्धी चड्डी आणि अनवाणी पाय. रविवारी मात्र पांढरेशुभ्र धोतर, काळा कोट, आणि फडक्यात गुंडाळलेले पवित्र शास्त्र काखेत घेऊन ते गावाबाहेरच्या लहानशा देवळात प्रार्थनेला जात. आमच्याकडे ख्रिस्ती मंडळी आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणत.

शाळेत येण्यापूर्वी ते नगरच्या छावणीत मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करणे, चारापाणी पाहणे, रिकरुटांच्या कवायतीसाठी घोडी बाहेर काढणे, ही त्यांची कामे. पुढे छावणीतून घोडे गेले व मोटारी आल्या. घोड्यांबरोबर माणसेही मोकळी झाली. मास्तरांनी व्यायामशिक्षकाचा अभ्यास पुरा केला आणि आमच्या शाळेत आले, ते बैलगाडीत एक लाकडी घोडा घालूनच. छावणीतल्या मोडीच्या मालात तो त्यांना मिळाला होता.

या साधनाची थोडी माहिती येथे देणे योग्य होईल. स्वारीचे शिक्षण देताना जिवंत जनावर दिवसभर उभे करता येत नाही. ते थकते, बिथरते, लाथ मारते. म्हणून फार पूर्वीपासून सैनिकांना आधी लाकडाच्या घोड्यावर टांग टाकायला शिकवीत. त्या घोड्याला डोके असे, शेपूट असे, खोगीरही असे. पुढे युरोपातील व्यायामशाळांत तो गेला तेव्हा हळूहळू त्याचे डोके गळाले, शेपूट गळाली, आणि चार पायांवरचे चामड्याचे लांबट धूड तेवढे उरले. पण भागांची नावे टिकली. पुढचा भाग ती मान, मधला तो खोगीर, मागचा तो पुठ्ठा. मुलगा धावत येतो, फळीवर दोन्ही पाय आपटतो, पुठ्ठ्यावरून झेपावून मानेवर हात टेकतो आणि पलीकडे उतरतो. सारा धोका त्या हात टेकण्यात असतो. हात निसटला की शरीराचा भार पुढे जातो आणि डोके आधी खाली येते.

आमचा घोडा काळ्या चामड्याचा होता. शाळेच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिला तीन बाजूंनी भिंती होत्या आणि पश्चिमेची बाजू सताड उघडी होती. दार असे नव्हतेच. त्या अंधारात तो उभा असे. सगळे त्याला घोडा म्हणत. मास्तर एकटे 'घोडी' म्हणत, आणि 'ती' म्हणत.

पहिले दोन महिने त्यांनी एकाही मुलाला तिला हात लावू दिला नाही. शाळेच्या ओट्यावरून खाली मातीत उडी मारायची आणि गुडघे वाकवून स्थिर उभे राहायचे, एवढाच धडा. गावाला ही मोठी करमणूक झाली. टांगा हाकणारे उस्मानभाई रस्त्यातच टांगा उभा करून ओरडत, "मास्तर, पोरं ओट्यावरनं पडायला घरी बी शिकत्यात की! त्याला फी कशापायी?"

"घरी पडत्यात, उस्मानभाई. हितं उतरत्यात," मास्तर मान न वळविता म्हणत.

मान न वळविणे ही त्यांची सवय होती. मुलगा धावू लागला की ते पलीकडच्या बाजूला, उतरण्याच्या जागी, एक पाय पुढे घालून उभे राहत. डावा हात मुलाच्या छातीसाठी, उजवा पाठीसाठी. त्या वेळी हेडमास्तरांनी हाक मारली तरी उत्तर मिळत नसे. मुलगा उतरला, तरी ते शाबासकी देत नसत. मुलाच्या गुडघ्यांकडे पाहत राहत. गुडघे थरथरायचे थांबले की म्हणत, "आता झाली उडी. व्हय बाजूला." मुलांना त्यांनी एकच मंत्र दिला होता: पळताना देव आठवा, उतरताना गुडघं आठवा.

दुसरी सवय अशी की, तास सुरू होण्यापूर्वी ते एकटे शेडमध्ये जात, घोड्याच्या मानेवर तळहात ठेवीत, नाडी पाहावी तसे थोडा वेळ थांबत, मग हात नाकाशी नेऊन वास घेत. नंतर मुलांना आत बोलावून, हात निसटू नयेत म्हणून, त्यांच्या तळव्यांना चुलीतली चाळलेली राख चोळायला लावीत.

एकदा मी त्यांना विचारले की, उतरण्याच्या जागी उभे राहण्याचा नियम कोणत्या पुस्तकात आहे. ते शेडबाहेर बसून राख चाळीत होते.

"पुस्तकात न्हाई, गुरुजी. छावनीत एक रिकरुट हुता. कवळं पोर, मिशी बी फुटली नव्हती. मी तिकडं घोडी धरून हुभा. हे लाकडावरनं गेलं, हात निसाटला, आन् मानेवर पडलं. आवाज झाला न्हाई बगा. त्या जागंला हुभं ऱ्हायाची कुनाची रीतच नव्हती." चाळणी थांबली. "माझी पांढरी घोडी गेली म्होरं, त्याला हुंगली, आन् मागं सरली. तवा कळलं आमाला."

मी त्या घोडीचे नाव विचारले. त्यांनी पुन्हा राख चाळायला घेतली आणि म्हणाले, "माझ्या डोळ्याम्होरं आता दुसरी मान मोडायची न्हाई, गुरुजी. बाकी काय बी होऊ द्या."

त्यांना या जगात एवढेच हवे होते, असे मला पुढील काळात दिसून आले.

दुसऱ्या वर्षी एका शनिवारी बबन नावाच्या मुलाचा हात निसटला. हातांना राख न लावताच तो धावला होता. मास्तरांनी त्याला छातीशी झेलले. खांद्याला मुका मार लागला, इतकेच. बबनची आई सरूबाई ही कोरडवाहू शेतीवर राबणारी विधवा. तो तिचा एकुलता एक. ती शाळेत आली, मुलाचा खांदा चाचपला, शेडच्या तोंडाशी उभी राहून त्या काळ्या धुडाकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि निघून गेली.

यानंतर, फाल्गुनाच्या उन्हात, तो प्रकार सुरू झाला.

ड्रिलचा तास दिवसाच्या शेवटी असे. पश्चिमेचे ऊन त्या वेळी शेडमध्ये शिरून घोड्याच्या अंगावर येई. एके दिवशी मुले धावत माझ्या वर्गाकडे आली. "गुरुजी, घोडं घामेजलंय!" मी गेलो. प्रथम मला काही दिसले नाही. मग डोळे सरावले आणि दिसले: काळ्या चामड्यावर, मानेपासून पोटापर्यंत, बारीक थेंब उभे होते. शिवणीजवळचा एक थेंब फुगला, सरकला, आणि पोटाखालच्या धुळीत पडला. तेथे आधीच एक लहानसा काळा डाग झाला होता. वास येत होता, आणि तो तबेल्याचा होता.

मुले शेडच्या तोंडाशी एकमेकांना धरून उभी होती. मास्तर आत होते. त्यांनी कोरडे फडके घेतले आणि मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, केसांच्या वळणाने पुसावे तसे पुसू लागले. ते पाठमोरे होते, तरी त्यांचे शब्द मला ऐकू आले.

"का गं? काय झालं तुला?"

त्या दिवशी त्यांनी कोणाला उडी मारू दिली नाही.

हे पुन्हा पुन्हा होऊ लागले. सकाळी चामडे कोरडे असे; दुपार कलली की ओले. बाजाराच्या दिवशी उस्मानभाईंचा घोडा शेडसमोर आला की थबके, कान टवकारे आणि आत पाहून खिंकाळे. "ह्यो गडी तुमच्या लाकडाला हाळी देतोय, मास्तर," उस्मानभाई पहिल्यांदा हसून म्हणाले. तिसऱ्या खेपेला ते हसले नाहीत. नंतर त्यांनी रस्ता बदलला. गावात दोन गोष्टी बोलल्या जाऊ लागल्या. एक अशी की, घोड्याच्या पोटात मेलेल्या लष्करी घोड्यांचे केस भरले आहेत. दुसरी अशी की, त्यावर शनीची दृष्टी आहे.

येथे मला मास्तरांच्या स्वभावातील एक उणीव नोंदविली पाहिजे. राख किती बारीक असावी, फळी किती अंतरावर असावी, याबाबत हा मनुष्य काटेकोर होता. असा मनुष्य पहिल्याच दिवशी विचारता, की हे ओले कोठून आले? त्यांनी ते विचारले नाही. ज्याने उमेदीची सारी वर्षे घोड्यांचा घाम पुसला, त्याने घाम पाहिला आणि पुसला. मी त्यांना म्हणालो, "मास्तर, हा घाम नसेल. काहीतरी कारण असेल."

"कारान असंल की," ते म्हणाले. "जनावर उगा घामेजत न्हाई."

अशा स्थितीत शिक्षणखात्याचे साहेब शाळेच्या तपासणीला आले. ते दुपारचे जेवण करून, ऊन पुरते कलल्यावर शेडकडे आले. आमचे हेडमास्तर भले गृहस्थ होते, परंतु शाळेचे नाव व्हावे ही त्यांना तळमळ होती. मुले रांगेत उभी. पहिला बबन. मास्तरांनी आत जाऊन मानेवर हात ठेवला आणि बाहेर आले.

"आज उडी न्हाई, साहेब."

"का?"

"घोडी वली हाय."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिले. हेडमास्तर खालच्या आवाजात म्हणाले, "आल्हाट, गावकऱ्यांचे मी समजू शकतो. तुम्हीही? पुसून घ्या आणि सुरू करा."

"पुसून जात न्हाई, सर. पुसलं की पुन्यांदा येतंय."

"बबन, धाव रे," हेडमास्तर म्हणाले.

बबनने मास्तरांकडे पाहिले. मुलगा आज्ञाधारक होता. त्याचा एक पाय उचलला गेलाच होता. मास्तरांनी त्याच्या छातीवर हात आडवा धरला, त्याला मागे सारले, आणि स्वतः धावले. त्यांना उडी मारताना मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. फळी वाजली. ते लांब शरीर पुठ्ठ्यावरून सरळ गेले, हात मानेवर टेकले, आणि काचेवरून निसटावेत तसे दोन्ही निसटले. पलीकडे झेलायला कोणी नव्हते. त्यांनी हवेतच मान छातीशी ओढून घेतली आणि मनगट पुढे केले. मनगट मोडल्याचा आवाज आम्ही सर्वांनी ऐकला.

ते उठून बसले. चेहरा पांढरा पडला होता. साहेबांना म्हणाले, "पोराला मान वढून घ्याया जमली नसती."

तपासणी तेथेच संपली. साहेबांनी स्वतःच्या रुमालाने त्यांचा हात बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांच्या घरी असताना सरूबाई आली. हातात हळद घातलेल्या दुधाचा तांब्या होता. तिने तो खाली ठेवला आणि उंबऱ्यातच बसून रडू लागली.

"माझ्यामुळं झालं, मास्तर. आमीच करीत हुतो."

"काय करीत हुता, बाई?"

मग सगळे बाहेर आले. बबन पडला तो शनिवार. घोडा काळा, उघड्यावर उभा, दाराशिवाय. सरूबाईला शिंगणापूरची शनीची शिळा आठवली. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती आणि आणखी काही मुलांच्या आया शेडमध्ये जात, त्याच्या अंगावर तेल घालीत, 'माझ्या लेकराला सांभाळ' म्हणत, आणि कोणाला दिसू नये म्हणून पदराने पुसून घेत. घोडा घामेजू लागला तशी त्यांची खात्री पटत गेली की दृष्टी कडक आहे, आणि तेल वाढत गेले.

मी विचारले, "अहो, मग शिंगणापूरलाच का गेला नाहीत? शेजारच्या तालुक्यातच तर आहे."

सरूबाईने डोळे पुसले. "गेल्तो की, गुरुजी. तितं बायांला चौथऱ्यावर चढू देत न्हाईत. लांबनं हात जोडायचे. हितं कोन अडवतंय?"

मला वाटले होते की मास्तर संतापतील, किंवा रविवारच्या प्रवचनातले काही सांगतील. त्यांनी दुधाचा तांब्या ओढून घेतला आणि एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली नाही. कोणी काहीतरी काढून नेल्यासारखे ते दिसत होते.

"तेल हुतं म्हना की," ते अखेर म्हणाले. मग सरळ बसले. "सरूबाई, घोडीला तेल नगं. ती काय सांभाळनार? भुईला सांभाळाया लावा. घरात फाटकी गोधडी हाय का?"

"फाटक्याला काय तोटा, मास्तर!"

"तर समद्या बायांला सांगा. येक येक आना."

आल्या. जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या, बारदानाच्या पोटाच्या गोधड्या. मास्तरांनी एका हाताने आणि बायांनी अनेक हातांनी त्या एकावर एक टाचल्या आणि उतरण्याच्या जागी जाड बिछायत तयार झाली. तोवर मुले भुसभुशीत केलेल्या मातीतच उतरत. उस्मानभाई येऊन तीवर बसून पाहून गेले. "मास्तर, यावर पोरं उडी कशाला मारतील? झोपतील की!" त्या दिवशी मास्तर हसले. मुलगा उतरला की आया रस्त्यावरून विचारीत, "कुनाच्या गोधडीवर पडला रं?" आणि जिच्या गोधडीवर पडला, ती दिवसभर मिरवीत असे.

चामडे बदलणे भागच होते. चांभाराने शिवण उसवली तेव्हा मी जवळ होतो. तेलाने चिकटलेले केसांचे गोळे बाहेर आले: काळे, तपकिरी, लांब, राठ. गावाची पहिली गोष्ट खरी होती. ते केस घोड्यांचेच होते. अशा साधनांत ते भरण्याची पद्धतच असे. मानेच्या भागातून एक पांढरी बट निघाली. चांभाराने ती बाजूला टाकली. मास्तरांनी ती उचलली, शर्टाला पुसली आणि खिशात घातली. बाकीचे सर्व त्यांनी शाळेमागे पुरले. आत नवा काथ्या भरला आणि वरून जाड कॅनव्हासचे कापड शिवले.

मी माझ्यापुरता एक प्रयोगही केला. जुन्या चामड्याची पिशवी केसांनी भरली, आठवडाभर तेल चोळले, पुसली, आणि उन्हात ठेवली. दुपारी तिच्यावर थेंब उभे राहिले. केसांनी धरलेले तेल उष्णतेने पातळ होते आणि चामड्याच्या छिद्रांतून वर येते. तबेल्याचा वास केसांचा. टांग्याचा घोडा खिंकाळला तोही त्या वासाने. प्रश्नाचा एवढा भाग निकालात निघाला, असे मी मानतो.

पुढे माझी बदली देवळाली प्रवरेला झाली. त्या दशकाच्या अखेरीस, पौषातल्या एका संध्याकाळी, शेवगावी काही कामासाठी गेलो असता मी मुद्दाम त्या गावावरून परतलो. शाळा नुकतीच सुटली होती. अंगात कोट असूनही थंडी वाजत होती.

शेडमध्ये मास्तर एकटे होते. खूप वाळले होते. मोडलेले मनगट वाकडेच राहिले होते. खाली गोधड्यांची बिछायत होती. तिच्यावर नव्या गोधड्यांची भर पडलेली दिसत होती. ते डाव्या हाताने, कोरड्या फडक्याने, घोड्याची मान पुसत होते. वरून खाली, सावकाश, केसांच्या वळणाने.

"मास्तर, अजून पुसता?"

त्यांनी मान वळविली नाही. "या, गुरुजी. कोरडी ठिवाया पायजे. सकाळी पैल्या तासाला ल्हान पोरं हायती."

"पण आता तर तेल नाही. चामडेही नाही."

"न्हाई ना," ते म्हणाले. त्यांनी फडके झटकले आणि मला जागा करून दिली. "हात लावा की."

मी हातमोजे वापरीत नाही. माझे तळवे त्या थंडीत कोरडे आणि फुटलेले होते. मी हात ठेवला. कापड ओले होते. मानेचा भाग तेवढा ओला होता, पुठ्ठा कोरडा. आणि हे मी विचारपूर्वक लिहितो, की ते कोमट होते.

कारणे संभवतात. दिवसभर मुलांचे हात त्याच जागी टेकले असतील. मुलांच्या तळहातांना घाम येतो. मास्तरांचे फडकेच ओले असेल. मी ते तपासले नाही. अंधारून आले होते आणि माझी गाडी थांबली होती. मी रस्त्याला लागलो तेव्हा ते पुन्हा पुसू लागले होते, आणि खालच्या आवाजात काही सांगत होते. ते प्रार्थनेसारखे होते किंवा जनावराशी बोलल्यासारखे. एवढे मात्र मला शाळेतल्या मंडळींकडून खात्रीने समजले आहे की, त्यांच्या हयातीत त्या शेडमध्ये कोणाची मान मोडली नाही.

शेड अजून उभी आहे आणि घोडाही तेथेच आहे, असे ऐकतो. माझ्या निरीक्षणात चूक असू शकते. म्हणून वाचकांना साधी विनंती: त्या बाजूला गेलात तर थंडीच्या दिवसांत, शाळा सुटल्यावर तेथे जावे आणि मानेवर तळहात ठेवून स्वतः पाहावे. आपला हात आधी कोरडा आहे ना, एवढी खात्री करून घ्यावी.